दगडू मेस्त्रींचे विलायती देखावे

माझ्या घरात भिंतीवर चित्र नाही. देवघरात देव आहेत, बैठकीत आई-वडिलांचा एक फोटो आहे. पण ज्याला देखावा म्हणतात तसलं एकही नाही. मुलाने नवं घर बांधलं तेव्हा सूनबाईने हौसेने डोंगर-नदीचं एक छापील चित्र आणलं होतं. मी ते लावू दिलं नाही. तिला काहीतरी कारण सांगितलं, खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण दगडू मेस्त्री.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी साताऱ्याच्या पोस्टात कारकून होतो. वय पंचविशीचं, इंग्रजी शाळेत शिकलेला, आणि जिभेला हाड नाही. कुणी काही विचारलं की उत्तर तयार, मग ते बरोबर असो वा नसो. पोस्टासमोरच्या बोळाच्या तोंडाशी मेस्त्रींचं तसबिरी मढवण्याचं दुकान होतं. दुपारी खिडकी बंद झाली की मी तिथे चहाला जाऊन बसायचो. मेस्त्री जातीने सुतार, पन्नाशीचे, अंगाने काटकुळे. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. काम करताना बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे आणून बोटात घ्यायचे. त्यामुळे त्यांना काही विचारलं की ताबडतोब उत्तर मिळत नसे. आधी ते सगळे खिळे तळहातावर काढत, ओळीने लावत, आणि मग बोलत. मला तेवढा दम निघत नसे. बहुतेक वेळा त्यांच्या गिऱ्हाइकांना मीच उत्तरं देऊन मोकळा व्हायचो.

पोटापाण्यासाठी ते राम-पंचायतन, दत्त, लक्ष्मी असं मढवत. पण त्यांचा जीव होता तो एका पुठ्ठ्याच्या बस्त्यात. छावणीकडच्या बंगल्यात एक म्हातारा साहेब राहत असे. त्याच्या तसबिरींची वाळवी काढायला मेस्त्री जायचे, आणि काम संपलं तरी तिथेच चित्रांपुढे उभे राहायचे. लढाईच्या आधी साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा जाताना त्याने तो बस्ता मेस्त्रींच्या हवाली केला. आत साठएक छापील चित्रं होती. शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या चित्रकारांच्या देखाव्यांच्या नकला. पडके मठ, धुक्यातली झाडं, समुद्रावरचा चंद्र, बर्फाचे डोंगर आणि आभाळ, भिंतभर आभाळ. माणूस असलाच तर करंगळीच्या नखाएवढा, आणि तोही पाठमोरा. ते चित्रकार माणसाला लहान करून त्याच्यापुढे एवढा मोठा मुलूख का मांडत असतील, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि मी कधी विचारही केला नाही. मेस्त्रींना मात्र ते न सांगता कळलं होतं.

मला एकदा म्हणाले, "मास्तर, देवाच्या तसबिरीपुढं उभं ऱ्हायलं की देव आपल्याकडं बगतोय. काल आपुन काय केलं त्ये त्याला ठावं हाय. हितं कोन बगत न्हाई. समदी त्या डोंगराकडं बगत्यात. मानसाला घरात अशी येक तरी भित पायजे."

अशी भिंत प्रत्येक घराला मिळावी ही त्यांची खटपट होती. चित्र मागायला कुणी आलं की ते आधी त्याच्या घरी जायचे. उजेड कुठून येतो बघायचे, भिंतीला ओल आहे का हात लावून बघायचे, आणि भिंत पसंत पडली नाही तर गिऱ्हाईक परत पाठवायचे. लढाईमुळे काच मिळेना, तेव्हा जुन्या खिडक्यांच्या काचा जमवून कापल्या. चिकटवायची खळ मोरचूद घालून स्वतः शिजवायचे, म्हणजे कसर लागत नाही. बस्ता हळूहळू रिकामा होत होता आणि नवीन चित्र येण्याची सोय नव्हती, तरी मुलगी चांगल्या घरी दिल्यासारखा त्यांचा चेहरा फुलायचा.

चित्रांच्या खाली बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर असे. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तो मी वाचून मराठीत सांगायचो. आमची ओळख त्यातूनच वाढली. मी सांगितलेलं ते स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहीत आणि ती चिठ्ठी तसबिरीच्या पाठीला चिकटवत. "ही छापील नक्कल आहे. मूळ चित्र जर्मनी देशात, तेलरंगात. काढणारा मेला. डोंगर खरा आहे." चिठ्ठी लावल्याशिवाय एकही देखावा दुकानाबाहेर गेला नाही. "हाय त्ये हाय, न्हाई त्ये न्हाई," हे त्यांचं पालुपद होतं. आणि जे आहे ते काय आहे, हे त्यांना माझ्याकडून कळत होतं. त्यांचा माझ्यावर केवढा भरवसा होता ते आता लिहिताना जाणवतं आणि कुठे बघावं कळत नाही.

त्या चिठ्ठीपायी त्यांनी एका जहागीरदारांनाही परत पाठवलं. ते मोटारीतून आले, समुद्राचं चित्र पसंत केलं, आणि मागची चिठ्ठी काढून द्या म्हणाले. पाहुण्यांना ते अस्सल विलायती तेलचित्र म्हणून सांगायचं होतं. मेस्त्री म्हणाले, पाहुणे काही तसबीर उलटी करून बघत नाहीत. मग काढायला काय हरकत, असं जहागीरदारांचं म्हणणं. तेव्हा मेस्त्रींनी शांतपणे सांगितलं की चिठ्ठी पाहुण्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे, दहा वर्षांनी तुम्हालाच ते अस्सल वाटायला लागेल. मोटार रिकामीच गेली. मी पोट धरून हसलो. मेस्त्रींना हसण्यासारखं त्यात काही दिसलं नव्हतं.

आणखी एक गंमत एका वकिलांच्या घरची. वकिलीणबाईंनी दसऱ्याला घरातल्या सगळ्या तसबिरींना हळद-कुंकू वाहिलं, त्यात चंद्राच्या देखाव्यालाही. आपल्याकडे काचेत मढवलेलं ते पुजायचं, ही रीतच. कुंकू काचेच्या कडेने आत उतरलं आणि चंद्र तांबडा झाला. वकीलसाहेब बायकोची टर उडवायला लागले. मेस्त्रींनी तसबीर उतरवली, पुसली, आणि बाईंना म्हणाले की हात जोडायला माझी ना नाही, पण कुणाला जोडताय ते ठाऊक असू द्या, इथे देव नाही, नुसतं आभाळ आहे. बाई हळूच म्हणाल्या, मग आभाळाला जोडले तर? मेस्त्रींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग चालंल."

आता हौसाबाईचं सांगायला हवं. इतकी वर्षं टाळलं.

कृष्णाकाठच्या एका गावची ही बाई. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा मारुती पलटणीत, लढाईवर. घरी तरणी सून. बाजाराच्या दिवशी हौसाबाई डोईवर पाटी घेऊन साताऱ्याला यायची आणि बाजाराआधी पोस्टात यायची. पत्र आलेलं असलं तर मी वाचून दाखवायचो. "मी खुशाल आहे, काळजी नसावी," एवढंच असे. फौजेच्या पत्रात ठिकाण लिहायला बंदी होती. तिचा प्रश्न दर वेळी एकच, मारुती आहे कुठे? मी सांगायचो, लांब आहे. लांब म्हणजे कुठे? समुद्रापलीकडे. तिथे डोंगर आहे का, नदी आहे का, विहीर आहे का? मागे रांग खोळंबलेली असायची. मी वैतागायचो.

एका बाजाराला मी मेस्त्रींच्या दुकानात चहा पीत बसलो होतो आणि ती शोधत तिथेच आली. उंबऱ्याशी पाटी ठेवली आणि म्हणाली, "आवं मास्तर, येवढं तरी सांगा, माजा मारुती हाय कुटं?"

समोर भिंतीला एक देखावा टेकवून ठेवला होता. खोल दरी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, संध्याकाळचं पिवळं आभाळ, आणि अलीकडच्या खडकावर एक पाठमोरा माणूस. मी हातातली बशी खाली न ठेवता मानेनेच तिकडे दाखवलं आणि म्हणालो, "हा काय, इथे आहे. बघा."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. माझ्या मनात कपट नव्हतं, पण माया होती असंही म्हणवत नाही. मला चहा गार व्हायला नको होता.

मेस्त्रींच्या तोंडात खिळे होते. त्यांनी हात वर केला, घशातून आवाज काढला, आणि एकेक खिळा तळहातावर काढायला लागले. तेवढ्यात हौसाबाई चित्रापुढे बसली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाटमोरा हाय." आणि थोड्या वेळाने, "त्योच. डावा खांदा पाडून हुबा ऱ्हातो. न्हानपनी कावडीनं पानी व्हायचा न्हवं."

मेस्त्रींचं तोंड मोकळं झालं तोवर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. ते म्हणाले, आक्का, हा कागद आहे, छापलेला आहे. तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मीच मध्ये पडून म्हणालो, मेस्त्री, द्या की त्यांना. त्यांनी दिलं. चिठ्ठी लावून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. पाटीतलं सामान तिने दुकानातच टाकलं आणि तसबीर पाटीत उभी ठेवून, लुगड्याच्या पदराने झाकून घेऊन गेली.

ती गेल्यावर मेस्त्री म्हणाले, "आजपातूर माज्या दुकानातनं कुनी खोटं घिऊन ग्येलं न्हाई, मास्तर. पुढच्या बाजाराला तुमी तिला सांगा. तुमी बोलला, तुमीच मोडा."

मी सांगतो म्हणालो. पुढच्या बाजाराला तिने मला ओल्या शेंगा आणल्या. रोज सकाळी मी त्याला विचारते, जेवलास का, म्हणाली. मी शेंगा खाल्ल्या. मेस्त्री स्वतःच सांगायला उठले, तर मीच त्यांना आवरलं. लढाई संपली की पोरगा येईलच, मग आपोआप फिटेल, आत्ता कशाला म्हातारीचं मन मोडता, असं काय काय बोललो. खरं कारण असं की पोस्टाच्या कारकुनाने शिपायाच्या ठिकाणाबद्दल तोंड उघडलं हे वरच्या साहेबाच्या कानावर गेलं तर नोकरीवर गदा आली असती. मेस्त्री माझ्या शब्दाखातर गप्प बसले. जवळजवळ दीड वर्ष. त्या दिवसांत ते माझ्याशी कमी बोलायला लागले होते आणि हौसाबाई बाजाराला आली की कामाचं निमित्त काढून आत जाऊन बसायचे.

मग तार आली. माझ्याच हातात आली. मारुती इटलीत पडला होता.

हौसाबाईने तार मानली नाही. तार चुकली, म्हणाली, मारुती हा काय उभा आहे. रडली नाही. मुलाचे दिवस घालू दिले नाहीत, सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही. जेवणवेळेला चित्रापुढे ताट ठेवायची. गाव हसायला लागलं, सून माहेरी जाता येईना आणि घरात राहता येईना अशी अडकली. शेवटी हौसाबाईचा दीर, पेन्शनीत आलेला हवालदार, तसबीर काखेत मारून दुकानात आला. मी बाकावर बसलो होतो.

फौजेत असताना तो लिहाय-वाचायला शिकला होता. त्याने तसबीर उलटी केली आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. जर्मनी देश. ज्यांनी पोर मारलं त्यांचाच मुलूख आमच्या घरात पुजायला दिलात, म्हणाला. आणि मग विचारलं, "ह्यो मारुती हाय म्हनून वैनीला कुनी सांगितलं?"

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, आणि चांगले थांबले. त्या वेळी तोंडात खिळे नव्हते त्यांच्या. मी हातातल्या कपाकडे बघत बसलो.

"दुकान माजं हाय," मेस्त्री म्हणाले. "हितं बोललेलं समदं माजंच."

हवालदाराने त्यांची टोपी उडवली. भर बाजाराच्या दिवशी, रस्त्यावरची माणसं बघत असताना. वर म्हणाला की आता तुम्हीच या आणि तुम्हीच सांगा, पोराचे दिवस कधी घालायचे ते. तसबीर घेऊन तो निघून गेला. टोपी माझ्या पायाशी पडली होती. मी ती उचलून झटकून मेस्त्रींना दिली, आणि माझ्याकडून तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टाच्या खिडकीशी आले. तुम्ही चला, म्हणाले, तुमचं म्हातारी ऐकेल. मी म्हणालो, इन्स्पेक्टर तपासणीला येणार आहेत. इन्स्पेक्टर पुढच्या आठवड्यात यायचे होते. मेस्त्री एकटे गेले.

तिथे काय झालं ते मला पुढे हवालदाराकडूनच कळलं. मेस्त्रींनी तसबीर उतरवली, हौसाबाईसमोर बसून मागचे खिळे एकेक करून काढले, काच बाजूला ठेवली आणि चित्र तिच्या हातात दिलं. आक्का, कागूद हाय, म्हणाले, दुमडून बगा. तिने दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. त्या माणसावर अंगठा फिरवला. मग विचारलं, "मग माजा कुटं हाय?"

मेस्त्री म्हणाले, "न्हाई, आक्का."

दिवस घातले गेले. सून माहेरी गेली. हौसाबाईने अन्न सोडलं आणि महिना-दीड महिन्यात गेली. मेस्त्रींनी त्यानंतर दुकान आवरायला घेतलं. त्यांची मुलगी सांगलीला दिलेली होती, तिकडे निघाले. बैलगाडीत सामान चढत होतं ते मला पोस्टाच्या खिडकीतून दिसत होतं. मी पाकिटांवर शिक्के मारत होतो. रस्ता ओलांडायला दहा पावलं पुरली असती. गाडी हलेपर्यंत मी शिक्के मारत राहिलो.

तीन वर्षांनी माझी बदली सांगलीला झाली. एव्हाना माझं लग्न झालं होतं, मुलगा झाला होता, आणि एकुलता एक मुलगा म्हणजे काय ते मला कळायला लागलं होतं. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला मेस्त्रींचं छोटं दुकान आहे असं समजलं. एका रविवारी सकाळी मनाशी पक्कं ठरवून गेलो. पाय धरायचे, आणि चला म्हणायचं, त्या गावात जाऊ, हवालदारासमोर मी सांगतो कोण बोललं होतं ते.

मेस्त्री पार वाळले होते. मला ओळखलं, बसा म्हणाले, चहा मागवला. चहा येईपर्यंत मी बोललो. अडखळत बोललो, पण सगळं बोललो. त्यांनी हातातली रंधा मारलेली पट्टी बाजूला ठेवली आणि ऐकून घेतलं.

"तुमचंच बरूबर हुतं, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या बोलन्यावर म्हातारी दीड वरीस जगली. माज्या खऱ्यानं दीड म्हैना."

तसं नाही, मी म्हणालो. तुम्ही काही चुकला नाहीत, चुकलो मी, आधी चुकलो आणि नंतर दोनदा चुकलो. ते ऐकत नव्हते. त्यांनी आपला हिशेब केव्हाच मिटवून टाकला होता, आणि त्यात मी शहाणा ठरलो होतो. याच्याइतकी मोठी शिक्षा मला हवालदारानेही दिली नसती. शिव्या घालतील म्हणून तयारीने गेलो होतो, आणि ते मला मोठा माणूस समजून चहा पाजत होते.

तेवढ्यात एक बाई आली. तिशीची, खेड्यातली, हातात फुटक्या काचेची लक्ष्मीची तसबीर. ती मेस्त्रींच्या हातात देताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. साहेबाच्या बस्त्यातलं बर्फाच्या डोंगराचं एक चित्र तिथे लावलेलं होतं. ती तिथेच थबकली. हा मुलूख कुठला, म्हणून विचारलं.

मेस्त्रींनी उलट विचारलं, "घरातलं कोन भायेर हाय का?"

"धनी हायती फौजंत. काश्मीरला," ती म्हणाली. "दोन म्हैनं पत्तर न्हाई."

तेव्हा काश्मीरची लढाई चालू होती. मेस्त्री उठले. चित्र खाली घेतलं, धोतराच्या सोग्याने काच पुसली, आणि तिच्यासमोर धरलं.

"ह्यो काश्मीरच," ते म्हणाले.

ती जवळ आली. थंडी फार दिसते, म्हणाली. मेस्त्रींनी डोंगराच्या टोकावरचा पिवळा उजेड दाखवला आणि सांगितलं की नाही, ऊन पडलंय बघ. किती सहज सांगितलं. त्यांना आता थांबावं लागत नव्हतं.

बाईचा पुरता विश्वास बसला नसावा. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगात कोट होता, डोळ्याला चष्मा होता. शिकलेला माणूस दिसत होतो.

"व्हय का वो, रावसायेब?"

मेस्त्रीही माझ्याकडे बघत होते. चित्र त्यांच्या हातात होतं. त्या डोंगराचं नाव काही वर्षांमागे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. तो स्वित्झर्लंडातला.

"होय," मी म्हणालो. "काश्मीरच आहे."